हुकूम आणि हुकूमनामा: जामीनदाराला अपील आहे का?

(गोंदिया इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



मागच्या महिन्यात सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका मुलाने मला व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "सर, यावर अपील होतं का?" कागदावर वर कोर्टाचं नाव, खाली वादी म्हणून एक बँक, मग प्रतिवादी क्रमांक एक ते चार, आणि त्याखाली 'निशाणी अमुक खालील आदेश'. बस. पहिलं पान होतं ते. मी त्याला लिहिलं, "शेवटचं पान पाठव." तो म्हणाला, "सर, शेवटी फक्त सही आणि तारीख आहे." मी म्हटलं, "मला तेच पाहिजे. आणि सहीच्या वरच्या चार ओळी."

आजचा सगळा विषय त्या चार ओळींचाच आहे.

आधी प्रकरण सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असंच काहीतरी असेल. प्रतिवादी एक म्हणजे राईस मिल चालवणारा कर्जदार. दोन म्हणजे त्याचा भागीदार. तीन आणि चार जामीनदार. आपल्या मुलाचे वडील प्रतिवादी तीन. पाच एकर धानाची शेती आणि गावात एक घर, एवढीच मालमत्ता. मिल थकली, बँकेने दावा लावला, आणि दावा चालू असतानाच अर्ज दिला की प्रतिवादी तीन आपलं घर विकायच्या तयारीत आहे, निकालाआधीच ते जप्त करा. कोर्टाने तो अर्ज मंजूर केला. घरच्यांना वाटलं, केस हरलो.

केस हरले नव्हते. केस अजून सुरूही झाली नव्हती म्हणा ना. पण हुकूम झाला होता.

आपल्याकडच्या कोर्टाच्या मराठीत दोन शब्द आहेत, हुकूम आणि हुकूमनामा. हुकूमनामा म्हणजे डिक्री. दावा चालला, पुरावा झाला, कोणाचा काय हक्क हे कोर्टाने ठरवलं आणि ते कागदावर आलं, तो हुकूमनामा. बाकी सगळे हुकूम, म्हणजे आदेश: तारीख दिली, कागद हजर करायला सांगितले, पक्षकार वाढवला, जप्ती केली, स्थगिती दिली. एका दाव्यात हुकूमनामा बहुधा एक असतो, हुकूम पन्नास असू शकतात. कायदा म्हणतो की हुकूमनाम्यावर अपील आहे, ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९६. हुकुमावर अपील फक्त तेव्हाच, जेव्हा कायद्याने तो हुकूम नाव घेऊन यादीत टाकला असेल. ती यादी कलम १०४ आणि ऑर्डर ४३, नियम १ मध्ये आहे. (संहितेच्या प्रकरणांनाही 'ऑर्डर' म्हणतात, त्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ होतो. त्याला इलाज नाही, १९०८ पासून तसंच आहे.)

हे ऐकल्यावर लोक विचारतात, "म्हणजे हुकूम चुकीचा असला तरी अपील नाही?" हो, असं होऊ शकतं. आदेश चुकीचा आहे का हा एक प्रश्न, आणि त्यावर अपील होतं का हा वेगळा प्रश्न. वकिलाकडे गेल्यावर आपण पहिल्यावर तासभर बोलतो आणि दुसरा विचारतच नाही.

आता त्या मुलाच्या कागदाकडे येतो. निकालापूर्वीची जप्ती संहितेच्या ऑर्डर ३८ मध्ये आहे, आणि तिच्या दोन पायऱ्या आहेत. नियम ५ खाली कोर्ट म्हणतं: सिक्युरिटी दे, नाहीतर ती का देत नाहीस याचं कारण दाखव. त्याच वेळी तात्पुरती जप्तीही करता येते. नियम ६ खाली, कारण दाखवलं नाही किंवा दाखवलेलं पटलं नाही, तर जप्तीचा आदेश होतो. ऑर्डर ४३ च्या यादीत नियम ६ आहे, नियम ५ नाही. म्हणजे पहिल्या पायरीवर अपील नाही, तिथे जाऊन कारण दाखवायचं. दुसऱ्या पायरीवर अपील आहे. पहिल्या पानावर हे कळत नाही. दोन्ही कागदांवर तेच कोर्ट, तेच चार प्रतिवादी. शेवटच्या चार ओळींत कळतं की कोर्टाने विचारलं आहे की ठरवलं आहे.

त्याच्या कागदात ठरवलेलं होतं. वडिलांनी वकील दिला होता, त्यांनी जबाब दिला होता, दोन्ही बाजू ऐकून आदेश झाला होता. म्हणजे अपील होतं. मुदत तीस दिवस, आणि अकरा दिवस गेले होते.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो जास्त महत्त्वाचा होता. "सर, पण केसमध्ये चार जण आहेत. मिलवाल्याचे वकील मोठे आहेत, नागपूरचे. ते करतीलच ना अपील?"

इथे मला माझ्या मामूंची गोष्ट सांगावी लागेल. मीही वकील व्हायच्या आधीची गोष्ट आहे.

मामू एका ओळखीच्या माणसाला जामीन राहिले होते. कसे राहिले? जसे आपण सगळे राहतो. जुम्याच्या नमाजनंतर तो भेटला, म्हणाला, "भाईजान, एक सही पाहिजे." चहा झाला, सही झाली. पुढे दावा झाला, तिघांविरुद्ध: कर्जदार, मामू आणि आणखी एक जामीनदार. निकाल विरुद्ध गेला. हुकूमनाम्यात लिहिलं होतं की तिन्ही प्रतिवादींनी एकत्रितपणे आणि वेगवेगळे रक्कम द्यावी. मामूंना 'एकत्रितपणे' कळलं, 'वेगवेगळे' कळलं नाही. त्यांना वाटलं, तिघांत वाटून येईल, आणि मुख्य कर्जदाराने अपील केलंच आहे. घरी विचारलं की म्हणायचे, "उसने अपील डाली है ना, सब का उसी में आ गया."

त्या माणसाने अपील खरंच केलं होतं. पण पैशाच्या हुकूमनाम्यावर अपील करताना ऑर्डर ४१ प्रमाणे वादातली रक्कम भरावी लागते किंवा कोर्ट सांगेल ती सिक्युरिटी द्यावी लागते. ती त्याने दिली नाही, म्हणून स्थगिती मिळाली नाही. मग तो आणि त्याचा वकील तारखांना जाईनासे झाले, आणि अपील गैरहजेरीत निकाली निघालं. मामूंना हे कळलं ते बेलीफ दारात आल्यावर. बँकेने दरखास्त फक्त मामूंविरुद्ध लावली होती, कारण तिघांत सातबारा फक्त त्यांचाच कोरा होता.

बँकेला असं करता येतं का? येतं. करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच आहे. आधी कर्जदाराकडून वसूल करून या, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या साठच्या दशकातल्या प्रकरणात हे इतकं स्पष्ट सांगितलं आहे की त्यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि एकाचं अपील दुसऱ्याला वाचवतं का? ऑर्डर ४१, नियम ४ मध्ये तशी तरतूद आहे. हुकूमनामा सगळ्या प्रतिवादींना समान असलेल्या मुद्द्यावर झाला असेल, तर त्यातला एक जणही सगळ्या हुकूमनाम्यावर अपील करू शकतो, आणि अपील कोर्ट सगळ्यांच्या बाजूने तो फिरवू शकतं. नियम ३३ ने कोर्टाला आणखी मोकळीक दिली आहे. पण नीट ऐका. 'फिरवू शकतं' म्हटलंय, 'फिरवेलच' म्हटलेलं नाही. त्यासाठी ते अपील जिवंत राहिलं पाहिजे, मुद्दा समान असला पाहिजे. कर्जदाराचा मुद्दा "व्याज जास्त लावलं" असा असतो. जामीनदाराचा मुद्दा बहुतेक वेळा वेगळाच असतो: मला न विचारता कर्जाची अट बदलली, मर्यादा वाढवली. करार कायद्याच्या कलम १३३ खाली त्यानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटू शकतो. हा मुद्दा मिलवाल्याचा वकील का मांडेल? त्याच्या अशिलाला त्यात काहीच फायदा नाही.

मामूंनी मग अपील केलं, मुदत संपून अकरा महिन्यांनी. विलंब माफीच्या अर्जात कारण लिहिलं: दुसऱ्याने अपील केलं असल्याने आम्ही केलं नाही. कोर्टाला ते पुरेसं वाटलं नाही. माझं मत विचाराल तर तो आदेश कठोर होता, पण चुकीचा होता असं मी आज वकील म्हणून म्हणू शकत नाही. मामूंनी दीड एकर विकून पैसे भरले. भरल्यावर कर्जदाराकडून ती रक्कम मागायचा हक्क कलम १४५ खाली त्यांना होता, दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागायचा हक्क कलम १४६ खाली होता, आणि त्या दाव्यांची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं असते. त्यांनी केला नाही. "अब किस के पीछे भागूं" म्हणाले. ते मात्र चुकलंच.

'जामीन' हा शब्द कुठून आला माहीत आहे? अरबीतल्या 'ज़ामिन'वरून. आपल्या कोर्टाची निम्मी भाषा तिकडूनच आलेली आहे: वकील, दावा, नक्कल, तारीख, जप्ती. आणि कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकरातली, ती कर्जाचा कागद लिहून घेण्याबद्दल आहे, साक्षीदार घेण्याबद्दल आहे. ज्यांच्याकडे हे आहे ते आपण लोक, आणि सही करताना कागद वाचत नाही. असो. मला इथे वाझ करायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, ऑर्डर ४३ ची यादी एवढी सरळ आहे तर 'अपील होतं का' यावर वकील एवढे भांडतात का? कारण यादीच्या बाहेरही कोर्टं आहेत. मुंबई उच्च न्यायालयात काही दावे थेट दाखल होतात. तिथे एका न्यायमूर्तींच्या निर्णयावर दोन न्यायमूर्तींकडे जायचं तर लेटर्स पेटंट नावाची जुनी सनद लागू होते, आणि तिच्या पंधराव्या कलमात शब्द आहे 'जजमेंट'. जजमेंट म्हणजे काय हे सनदेत लिहिलेलंच नाही! कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७२ मध्ये एक व्याख्या केली, मद्रासने वेगळी, आणि शंभर वर्षं वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत वेगवेगळं चाललं.

ते भांडण मिटलं मुंबईच्याच एका प्रकरणात, शाह बाबूलाल खिमजी विरुद्ध जयाबेन कानिया, १९८१. ते कर्जाचं प्रकरण नव्हतं, करार पाळायला लावण्याचा दावा होता. वादीने रिसीव्हर नेमा आणि मनाई द्या असा अर्ज केला, एका न्यायमूर्तींनी तो नाकारला. वादी दोन न्यायमूर्तींकडे गेला, तर त्यांनी सांगितलं की हे जजमेंटच नाही, अपील चालणार नाही. म्हणजे अर्ज बरोबर की चूक हे कोणी बघितलंच नाही, दारातूनच परत. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. सांगितलं की ऑर्डर ४३ ची यादी उच्च न्यायालयातल्या अशा दाव्यांनाही लागू आहे. आणि यादीत नसलेला एखादा अंतरिम आदेशही, जर तो पक्षकाराच्या महत्त्वाच्या हक्कावर थेट आणि तात्काळ घाव घालत असेल, तर जजमेंट ठरू शकतो. नुसती गैरसोय झाली म्हणून नाही. तशी पंधरा उदाहरणंही त्या निकालात दिली आहेत, आणि त्यात आपल्या विषयाचं एक आहे: ऑर्डर ३७ च्या दाव्यात बचावाची परवानगी नाकारण्याचा आदेश.

तो मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फझल अली. त्यांचे वडील सर सय्यद फझल अली राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष होते. त्याच आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती, जी मानली गेली नाही. गोंदियात बसून हे सांगावंसं वाटलं, एवढंच.

पण सावध राहा. तो निकाल घेऊन गोंदियाच्या दिवाणी न्यायालयाच्या प्रत्येक आदेशावर अपील करता येत नाही. आपल्याकडे लेटर्स पेटंट नाही, आपल्याकडे यादी आहे. यादीत नसेल तर दोन वाटा राहतात. एक, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली नागपूर खंडपीठात याचिका. ते अपील नाही, तिथे कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही, खालच्या कोर्टाने अधिकार सोडून काही केलं का एवढंच बघतं. दोन, थांबणं. कलम १०५ म्हणतं की ज्या हुकुमावर अपील नाही, त्याच्यातली चूक शेवटच्या हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात मुद्दा म्हणून घेता येते. "मला या दाव्यात पक्षकार का केलं, माझं नाव काढा" हा अर्ज फेटाळला गेला, तर बहुतेक वेळा हीच वाट असते. पण याला एक मोठा अपवाद आहे. घर गहाण ठेवून कर्ज असेल तर दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो आणि मग अंतिम. प्राथमिक हुकूमनाम्यावर जो अपील करत नाही, त्याला अंतिमच्या अपिलात तो वाद काढता येत नाही, असं कलम ९७ सांगतं. तिथे थांबलात तर संपलं.

ऑर्डर ३७ चं नाव आत्ताच घेतलं, त्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण चेक, प्रॉमिसरी नोट आणि जामीनपत्रावरचे दावे हल्ली त्याखाली येतात. यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हायचं, आणि पुढे 'निकालासाठीचं समन्स' आलं की पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागायची. परवानगी बिनशर्त मिळते, शर्तीवर मिळते किंवा नाकारतात. शर्तीवर म्हणजे 'एवढी रक्कम भर, मग बोल'. हा शर्तीचा आदेश ऑर्डर ४३ च्या यादीत नाही. म्हणून त्याच्यावर नागपूरला याचिका करायची, किंवा रक्कम न भरता हुकूमनामा होऊ द्यायचा आणि मग त्याच्यावर अपील करायचं. दुसरी वाट ऐकायला सोपी वाटते. पण तोवर तुमच्यावर हुकूमनामा आहे आणि अपिलात पुन्हा पैसे भरायचा प्रश्न आहेच. हे फक्त गरिबांचं नाही. मुंबईतल्या हबटाउन कंपनीने दिलेल्या हमीवरचा असाच दावा आयडीबीआय ट्रस्टीशिपने लावला होता. उच्च न्यायालयाने बचावाची बिनशर्त परवानगी दिली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये आदेश झाला: ४१८ कोटी भरा किंवा तेवढी सिक्युरिटी द्या, मग बचाव करा.

आपल्या जिल्ह्यात मात्र जास्त कागद दिवाणी कोर्टाचे नसतातच. पतसंस्थेचे असतात. "१०१ चा दाखला निघाला" असं तुम्ही घरी ऐकलं असेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक जो वसुली दाखला देतात, तो कोर्टाचा हुकूमनामा नाही, पण वसुली त्याच ताकदीने होते आणि त्यात जामीनदारांची नावं असतात. त्यावर दिवाणी कोर्टात अपील नाही. कलम १५४ खाली सहकार खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पुनरीक्षण अर्ज आहे, मुदत दोन महिने, आणि त्याआधी वसुलीच्या एकूण रकमेच्या पन्नास टक्के संस्थेत भरावे लागतात. जो जामीनदार धान विकून वर्ष काढतो त्याला पन्नास टक्के भरायला सांगणं म्हणजे दरवाजा उघडा ठेवून उंबरठा कमरेएवढा करणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कायदा आज तो आहे. म्हणून दाखला निघायच्या आधीची जी नोटीस येते, सुनावणीची, तिलाच खरं महत्त्व आहे. तिथे लेखी जबाब द्या. नुसतं "साहेबांना भेटून आलो" म्हणू नका. भेटीचा रोजनामा होत नाही.

बँकेने सरफेसी कायदा लावला असेल तर मार्ग आणखी वेगळा. तिथे 'कर्जदार' या शब्दातच जामीनदार येतो. ताबा घेण्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि त्या पायरीवर रक्कम भरायची अट नाही. २००२ च्या मूळ कायद्यात तिथेच ७५ टक्क्यांची अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या प्रकरणात रद्द केली. त्याच्या पुढचं अपील मुंबईला, तीस दिवसांत, आणि तिथे पन्नास टक्के भरावे लागतात. न्यायाधिकरण कारणं देऊन ते पंचवीसपर्यंत कमी करू शकतं, त्याखाली नाही. शेतजमीन तारण असेल तर तिला हा कायदा लागूच होत नाही. हे वडिलांना आजच सांगा.

आणि लोक अदालत. लोक अदालत चांगली गोष्ट आहे, कोर्ट फी परत मिळते, भांडण मिटतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम २१ तसं म्हणतं. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावरही अपील नाही. चार प्रतिवादींपैकी मुख्य कर्जदार येऊन हप्ते बांधून घेतो आणि जामीनदारांच्याही सह्या घेतात. तेव्हा बघा, हप्ता चुकला तर कोणाच्या मालमत्तेवर दरखास्त येणार असं त्यात लिहिलंय. ते एक वाक्य असतं, बहुधा शेवटून दुसरं.

बहिणींसाठी एक गोष्ट. कर्जदार वारला की दावा वारसांवर येतो, आणि आपल्याकडे वारस म्हणून मुलांची नावं लिहिली जातात, मुली राहून जातात. मुस्लिम कायद्यात वारसाची जबाबदारी त्याच्या हिश्शात आलेल्या मालमत्तेपुरती असते, स्वतःच्या कमाईतून बापाचं कर्ज फेडायला कोर्ट लावू शकत नाही. पण जिचं नावच दाव्यात नाही तिच्यावर तो हुकूमनामा बांधील आहे का? १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात जाफरी बेगम विरुद्ध अमीर मुहम्मद खान या प्रकरणात हा प्रश्न पूर्णपीठापुढे आला. निकाल न्यायमूर्ती सय्यद महमूद यांचा, म्हणजे सर सय्यद अहमद खान यांच्या मुलाचा. त्यांनी सांगितलं की वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणीच त्याचा होतो. म्हणून जो दाव्यात नव्हता त्याला हुकूमनामा बांधत नाही, मात्र हिस्सा परत मागताना त्याने कर्जाचा आपल्या वाट्याचा भाग दिला पाहिजे. पुढे १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला एक मर्यादा घातली: सावकाराने प्रामाणिकपणे चौकशी करून जे वारस सापडले त्यांच्यावर दावा केला असेल आणि लबाडी नसेल, तर बाकीच्यांनाही निकाल लागू होऊ शकतो. म्हणून बहिणींनो, "माझं नाव नाही, मला काय त्याचं" असं बसू नका. नाव नसलं तरी निकालाने जिचं नुकसान होतं ती अपील कोर्टाची परवानगी घेऊन अपील करू शकते. आणि स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे.

एकतर्फी निकालाबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात म्हणून थोडक्यात. समन्स मिळालंच नाही आणि निकाल झाला, तर त्याच कोर्टात तो रद्द करायचा अर्ज करता येतो, किंवा सरळ अपील करता येतं. अर्ज फेटाळला तर त्या फेटाळण्यावर अपील आहे, तो हुकूम यादीत आहे. पण आधी अपील केलं आणि ते निकाली निघालं तर मग अर्जाची वाट बंद होते. कुठलं आधी करायचं हे वकिलाशी बसून ठरवा, घाईत नाही.

घाई फक्त एका गोष्टीची करा, नकलेची. निकालाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नक्कल विभागात अर्ज द्या. जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण ते अर्ज दिल्यापासून. अर्जच विसाव्या दिवशी दिला तर आधीचे वीस गेले. चार प्रतिवादी असतील तर प्रत्येकाने आपली नक्कल आपल्या नावाने घ्यावी. आणि अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा असतो, तो मंजूर होईपर्यंत बेलीफ येऊ शकतो.

त्या मुलाचं काय झालं ते सांगून थांबतो. त्याच्या वडिलांचं अपील सत्तावीसाव्या दिवशी दाखल झालं, एकट्याचं. बाकीच्या तिघांना त्यात उत्तरवादी केलं आहे. मुद्दे तीन घेतलेत. शेतकऱ्याच्या राहत्या घराला कलम ६० खाली जप्तीतून संरक्षण आहे आणि हे घर बँकेकडे गहाण नव्हतं. वडील घर विकणार होते याचा बँकेने काहीच पुरावा दिला नाही. आणि बिनतारणी कर्जाला निकालाआधीच तारणाचं रूप देण्यासाठी ही जप्ती वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या रमण टेक प्रकरणात म्हटलेलं आहे. बँकेने खळ्यावरचं धानही जप्तीत मागितलं होतं. ते कोर्टाने मुळातच दिलं नव्हतं, ऑर्डर ३८ चा नियम १२ शेतकऱ्याच्या ताब्यातला शेतमाल अशा जप्तीतून बाहेर ठेवतो.

निकाल अजून लागलेला नाही. पुढची तारीख याच महिन्यात आहे. मिलवाल्याच्या नागपूरच्या वकिलांनी अपील केलं का, असं मी काल त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही सर, त्यांच्या घराला तर काही झालंच नव्हतं."

आता ज्यांनी कागद आणलेत त्यांनी पुढे या. शेवटचं पान वर ठेवा.